बोटभर ऑर्किड घरात वाढवताना: अनुभव, चुका, प्रश्न

मोगरा_ठाणे | ११ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, बागेच्या जुन्या धाग्यावर दर चार दिवसांनी कोणीतरी ऑर्किडचं विचारतं आणि उत्तरं गुलाब-जास्वंदीच्या गर्दीत हरवून जातात, म्हणून हा वेगळा धागा काढतेय, आणि तोही फक्त छोट्या ऑर्किडसाठी. छोटी म्हणजे अख्खं झाड तळहातावर मावेल अशी, काही तर त्याहूनही लहान, रुपयाच्या नाण्याएवढी.

माझ्याकडे ठाण्यात चौथ्या मजल्यावर पूर्वेची किचनची खिडकी आहे, तिच्या ग्रिलमध्ये सध्या ४१ झाडं टांगलीयेत. सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी आणलेल्या चौदातली अकरा गेली आणि त्यातली नऊ तरी मी पाणी घालून घालून मारली हे आता कळतं. तेव्हा नर्सरीवाल्याने प्रत्येक झाड कोकोपीटने गच्च भरलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत दिलं होतं आणि रोज सकाळी थोडं पाणी घाला म्हणाला होता, मी घातलं. पानं हिरवीगार दिसत होती म्हणून मी खूश, आणि दीड-दोन महिन्यांनी पान हातात धरलं तर झाड मुळासकट सुटून आलं, खाली मूळ उरलंच नव्हतं, नुसता तपकिरी लगदा.

तर मला एवढीच गोष्ट पोचवायचीय की पानांकडे नंतर बघा, आधी मुळांकडे बघा. झाडांवर राहणाऱ्या ऑर्किडच्या मुळावर स्पंजसारखं एक आवरण असतं, ते कोरडं असताना चांदीसारखं पांढरट दिसतं, पाणी पडलं की काही सेकंदात ते पाणी शोषून घेतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणजे झाडाला तहान लागलीय का हे झाड स्वतःच दाखवतंय. आणि हिरवं झालेलं मूळ परत चांदीसारखं होणं हे तितकंच गरजेचं, मुळांना हवा लागते, सतत ओली राहिली की गुदमरून कुजतात.

छोट्या झाडात हे सगळं फार वेगाने होतं. मोठ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचं मूळ पेन्सिलीइतकं जाड असतं, दोन दिवस कोरडं गेलं तरी त्याचं काही बिघडत नाही. पण शोएनॉर्किससारख्या बोटभर ऑर्किडचं मूळ शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडंसंच जाड, ते मे महिन्यात माझ्या खिडकीत तासाभरात सुकतं. म्हणून लोक त्याला ओल्या मॉसमध्ये (वाळवून विकतात ते शेवाळ) दाबून ठेवतात, मग वरचं मॉस सुकतं आणि आतलं चार दिवस ओलं राहतं, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. मी आता जवळजवळ सगळी झाडं आंब्याच्या सालीच्या नाहीतर नारळाच्या सोडणाच्या तुकड्यावर बांधते. सोडण चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवायचं, त्यातला खार आणि तो तपकिरी रंग निघून जायला हवा. मुळांखाली पापडाएवढा पातळ मॉसचा थर, वरून तंगूस गुंडाळायचा (मासेमारीच्या सामानाच्या दुकानात सगळ्यात बारीक मागा), आणि टांगताना झाड जरा खाली झुकेल असं टांगायचं म्हणजे शेंड्यात पाणी साठत नाही. बांधताना शेंडा आणि खोडाचा तळ मॉसखाली झाकायचा नाही. दोन-तीन महिन्यांत मुळं सालीला चिकटली की तंगूस कापून टाकते.

सकाळी साडेसहाला सगळ्यांवर पाणी, उन्हाळ्यात परत साडेचारला. पावसाळ्यात कधीकधी तीन तीन दिवस काहीच नाही.

तुमचे अनुभव लिहा, विशेषतः बाहेरगावचे, कारण माझं सगळं ठाण्याच्या दमट हवेतलं आहे आणि ते पुण्या-नागपूरला जसंच्या तसं चालणार नाही.

---

खिडकीतली_बाग | ११ जानेवारी, रात्री ११:१५

अगदी वेळेवर धागा काढलात ताई! मी डोंबिवलीची, एकदम नवीन. ऑगस्टमध्ये प्रदर्शनातून डेंड्रोबियम लिंडलेयी घेतलं, लाकडाच्या फळीवर बांधलेलं, आठ-दहा बल्ब (पाणी साठवणारी फुगीर खोडं) आणि प्रत्येकावर एकच जाड पान. दिवाळीपर्यंत टुमटुमीत होतं, आता बल्ब सुकलेल्या मनुकेसारखे सुरकुतलेत, एक पान पिवळं पडून गळलं. मी घाबरून रोज दोनदा पाणी मारतेय पण सुधारत नाहीये. मेलं का ते?

---

मोगरा_ठाणे | ११ जानेवारी, रात्री ११:३२

मेलेलं नाही, आणि आजपासून पाणी बंद करा! खरंच बंद. लिंडलेयी ईशान्य भारतापासून थायलंडपर्यंतच्या जंगलातलं झाड, तिथे पावसाळा संपला की तीन-चार महिने कोरडे असतात आणि झाड तेव्हा बल्बमध्ये साठवलेल्या पाण्यावर काढतं. सुरकुत्या पडणं म्हणजे ते आपलं काम करतंय. या दिवसांत पाणी देत राहिलं तर फुलांऐवजी नवे कोंब येतात किंवा मुळं कुजतात. आठ-दहा दिवसांतून एकदा सकाळी हलकासा फवारा, तोही बल्ब फारच आकसले तर. खत अजिबात नाही. आणि ऊन द्या, सकाळचं दोन-तीन तास थेट लागलं तरी चालतं त्याला. मार्चपर्यंत धीर धरा.

---

रातांबा | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

सिंधुदुर्गातून लिहितोय. मोगराताई म्हणतायत ते आमच्या अंगणात दर वर्षी दिसतं. आमच्या जुन्या आंब्यावर डेंड्रोबियम बार्बाट्युलम आपणहून वाढलंय, आजोबांच्या वेळेपासून आहे. पाऊस गेला की पानं झडतात, नुसत्या बोटभर काड्या उरतात, बाहेरून आलेला माणूस म्हणतो हे वाळलेलं काढून टाका. आणि फेब्रुवारीत त्याच काड्यांवर पांढऱ्याशुभ्र फुलांचे झुपके. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, पहाटेचं दव तेवढं मिळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. आमच्याकडे झाडावर दुसरं काहीही वाढलेलं दिसलं की त्याला बांडगूळ म्हणतात आणि कोयत्याने खरवडून काढतात. बांडगूळ वेगळं, ते आपली मुळं फांदीच्या आत घुसवून झाडाचं पाणी ओढतं. आमरी (आमच्याकडच्या ऑर्किडला आपल्या भाषेत हे सुंदर नाव आहे, ते वापरूया की) नुसती सालीवर बसते, झाडाचं काहीच घेत नाही, पावसाचं पाणी आणि सालीवरून ओघळणारा कचरा-माती यावर जगते. हे समजावून मी वाडीतल्या दोन आंब्यांवरच्या आणि एका ऐनावरच्या आमऱ्या वाचवल्या. ऐनाची साल खडबडीत, भेगाळलेली, तिच्यावर ओबेरोनिया कशी पंख्यासारखी पसरलीये ते बघायला एकदा या सगळ्यांनी.

---

पेठेतली | १२ जानेवारी, सकाळी ९:४८

वाचनखूण साठवली. ओबेरोनिया म्हणजे ती चपटी वेणीसारखी पानं असलेली का? फूल कसं असतं हो तिचं?

---

रातांबा | १२ जानेवारी, दुपारी १:२०

हो तीच. पानं एकात एक गुंतलेली, बाजूने चपटी. पावसाळ्याच्या शेवटाकडे उंदराच्या शेपटीसारखा दांडा येतो आणि त्यावर शेकडो फुलं, एकेक फूल दोन मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना खरखरीत दोरीसारखं दिसतं. भिंग लावलं की प्रत्येकाला पाकळ्या, कातरलेल्या कडेची जीभ, सगळं जिथल्या तिथे. माझ्या मुलीला दहाव्या वर्षी भिंग घेऊन दिलं ते यासाठीच.

---

वाळ्याचा_पडदा | १२ जानेवारी, रात्री ९:३०

नागपूर हजर. इथे सगळे म्हणतात ऑर्किड आमच्याकडे होतच नाहीत, ४५-४६ डिग्रीत काय जगणार. माझ्याकडे चार वर्षांपासून १७ आहेत आणि ती सगळी डेझर्ट कूलरच्या कृपेने.

कूलर चालू असलेल्या खोलीत मे महिन्यात दुपारी माझा मीटर २९-३० डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रता दाखवतो, आणि हवा सतत खेळती असते. ऑर्किडला अजून काय पाहिजे! कूलरपासून सहा फुटांवर तार बांधलीय, त्यावर सगळी टांगतो, समोर नाही, जरा बाजूला, कारण एकदम झोतात ठेवलेल्या टोलुम्नियाची मुळं सारखी थबकायची. आता तेच टोलुम्निया बाजूला सरकवल्यावर दोनदा फुललं. ते कॅरिबियन बेटांवरचं झाड, बारीक डहाळ्यांवर वाढतं, त्याला पाणी दिल्यावर झटपट सुकायला लागतं, म्हणून मी ते छोट्या मातीच्या कुंडीत काहीच न भरता नुसतं अडकवून ठेवलंय, चार लोणारी कोळशाचे तुकडे टेकू म्हणून.

आमची अडचण पाण्याची. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ८०० च्या पुढे, वर्षभर तेच घातलं तेव्हा मुळांच्या टोकांवर पांढरा थर बसला आणि टोकं काळी पडली, वाढच थांबली. आता घरच्या आरओचं पाणी देतो. पावसाचं पाणी दोन ड्रममध्ये साठवतो, ते पुरतं तोवर झाडं फारच खूश असतात.

आणि मोगराताई, सकाळी पाणी द्या हे तुमच्याकडे बरोबर असेल, मी मात्र उन्हाळ्यात संध्याकाळी देतो. सकाळी दिलेलं नऊ वाजेपर्यंत उडून जातं हो.

---

मोगरा_ठाणे | १२ जानेवारी, रात्री १०:१२

कूलरचं हे मला कधीच सुचलं नसतं, किती छान. संध्याकाळच्या पाण्याबद्दल: तुमच्याकडे कोरडी हवा आणि वारा आहे म्हणून शेंड्यात पाणी राहत नसेल. ठाण्यात जुलैमध्ये मी संध्याकाळी पाणी दिलं तर सकाळपर्यंत पानांच्या बेचक्यात तसंच असतं आणि मग शेंडा कुजतो. दोन सुंदर मिनी फॅलेनॉप्सिस अशीच गेली, काल हिरवं होतं आणि आज मधलं पान ओढलं तर बुडाशी काळं, वास मारणारं. तेव्हापासून पावसाळ्यात चोवीस तास एक छोटा पंखा चालू असतो खिडकीत. विजेचं बिल नगण्य येतं.

---

दुर्बीण | १३ जानेवारी, दुपारी ४:५५

वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

रात्रीबद्दल. जाड पानांची बरीच ऑर्किड दिवसा आपली पर्णरंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा, निवडुंग करतो तसं. पाणी वाचवायची युक्ती आहे ती. त्यामुळे रात्र दिवसापेक्षा पाच-सहा डिग्रीने तरी थंड असणं त्यांना फार मानवतं. बंद खोलीत, उकाड्यात, रात्रंदिवस एकच तापमान असेल तर झाड जगतं पण रेंगाळतं.

खताबद्दल. बाजारात मिळणारं १९:१९:१९ खत (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश प्रत्येकी १९ टक्के) लिटरला अर्धा ग्रॅम टाकलं तर त्यातून लिटरमागे ९५ मिलिग्रॅम नायट्रोजन मिळतो. सालीवर बांधलेल्या बारीक झाडांना मी त्याच्याही निम्मं देते, पाव ग्रॅम. आता पाव ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून अंधारात ठेवायची आणि दर वेळी त्यातलं २५ मिली एक लिटर पाण्यात घ्यायचं, झालं पाव ग्रॅम. आठवड्यातून एकदा, मुळं आधी साध्या पाण्याने भिजवून मग. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचं. लिंडलेयीसारखी विश्रांतीवर गेलेली झाडं यातून वगळायची.

---

पेठेतली | १४ जानेवारी, सकाळी ११:०३

तिळगूळ घ्या सगळ्यांनी! दुर्बीणताई ते २५ मिलीचं गणित किती सोपं करून दिलंत, आजवर चिमूटभर चिमूटभर चाललं होतं माझं.

आता पुण्याचं सांगते. आमची अडचण मार्च ते मे, दुपारी आर्द्रतेचा मीटर वीस टक्क्यांच्या खाली. उघड्यावर टांगलेलं हाराएला दोन उन्हाळ्यांत दोनदा गमावलं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तैवानचं झाड, पाच सेंटिमीटरचं, आणि त्याला येणारं पिवळं फूल मध्ये गडद तपकिरी-लाल, अगदी मधमाशी बसल्यासारखं, आणि लिंबासारखा मंद वास.) मग मुलाचा जुना फिश टँक काढला, दोन फुटी. तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर आणि त्यात दोन बोटं पाणी, मागच्या काचेला जाळी लावून त्यावर झाडं, वरची काच पाऊण झाकलेली, आणि बारा व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत फिरत ठेवलेला. वर एलईडी पट्टी, अकरा तास टायमरवर. आता आत ७० ते ८० टक्के टिकतं आणि हाराएला वर्षातून तीन-चार वेळा फुलतंय.

पण काचेच्या पेटीचा धोका पण लिहायलाच हवा. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सफाईसाठी टँक खिडकीजवळ सरकवला आणि बँकेत गेले. दोन तासांनी आले तर सकाळचं तिरपं ऊन थेट काचेवर पडलेलं, आतलं तापमान ४४. पानं उकडलेल्या पालकासारखी झाली होती. सहा झाडं गेली, त्यातलं एक माझ्या मैत्रिणीने फार प्रेमाने स्वतः विभागून दिलेलं. बंद काच आणि थेट ऊन कधीही, पाच मिनिटंसुद्धा एकत्र येऊ देऊ नका.

---

पाऊसवेडी | १५ जानेवारी, पहाटे ३:१०

सिॲटलहून. तुमच्याकडे पहाट असेल. इथे माझ्याकडे सगळी उलटी परिस्थिती, थंडी आहे, उजेड नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लवकर काळोख, डिसेंबरात तर साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून दिव्याशिवाय चालतच नाही, आणि हीटरने घरातली हवा इतकी कोरडी होते की पुण्याचा मे महिना आठवतो.

पण इथे मला मास्डेव्हालिया आणि लेपॅन्थेस जमतात जी तुम्हाला इन्स्टावर बघून हवीहवीशी वाटत असतील. ती घेऊ नका असं सांगायला आलेय. इक्वाडोर, कोलंबियाच्या अँडीज डोंगरांवरच्या धुक्याच्या जंगलातली झाडं आहेत ती, दिवसा वीस-बावीस डिग्री आणि रात्री दहा-बारा. मुंबईत आईकडे असताना तिच्यासाठी एक लेपॅन्थेस मिळवलं होतं, आईने जिवापाड जपलं, रोज बर्फाच्या पाण्याची बाटली शेजारी ठेवायची. मे महिन्यात तीन आठवड्यांत गेलं, आणि ती अजून म्हणते माझंच काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं, मी चुकीचं झाड दिलं.

---

मोगरा_ठाणे | १५ जानेवारी, सकाळी ८:२०

काकूंना माझा नमस्कार सांगा आणि शोएनॉर्किस फ्रॅग्रान्स द्या त्यांना. थायलंडकडचं आहे, मुंबईच्या हवेला सरावतं. तीन-चार सेंटिमीटरची जाडजूड पानं आणि उन्हाळ्याच्या आसपास गुलाबी-पांढऱ्या बारीक फुलांचा झुपका. माझ्याकडचं सहा वर्षांचं आहे आणि अजून माझ्या अंगठ्यापेक्षा थोडंसंच मोठं आहे.

---

खिडकीतली_बाग | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

पाणी बंद केलंय, मन घट्ट करून. दुसरा प्रश्न: मिनी फॅलेनॉप्सिस आणलं होतं फुलांसकट, फुलं गेल्यावर दीड वर्ष झालं, पानं छान येतायत, फुलं नाहीत. आणि कबुतरं! ग्रिलमध्ये टांगलेलं मॉस ओढून नेतात घरटं करायला, एकदा झाडासकट नेलं, खालच्या मजल्याच्या छज्जावर सापडलं.

---

दुर्बीण | १८ जानेवारी, रात्री ८:१५

पानं गडद बाटलीहिरवी असतील तर उजेड कमी पडतोय, जरा पोपटीकडे झुकणारा हिरवा हवा. उजेड पुरेसा असेल तर तापमान बघ. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे २५ च्या आसपास किंवा त्याखाली हवं असतं, सतत २८-२९ च्या वर राहिलं तर ते पानांवर पानं काढत बसतं. माझी एक सहकारी तिचं मिनी फॅलेनॉप्सिस स्टाफरूममध्ये ठेवते, एसी दिवसभर २४ वर, खिडकीशेजारचं टेबल. ते तिथे दर वर्षी फुलतं आणि तिच्या घरचं त्याचंच भावंड फुलत नाही. जानेवारीचा महिना हातात आहे, रात्री खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ठेवून बघ.

---

मोगरा_ठाणे | १८ जानेवारी, रात्री ९:०२

कबुतरांना जाळीच, दुसरा उपाय नाही, बारीक भोकाची नायलॉन जाळी ग्रिलला आतून लावा. मॉसवर नारळाच्या काथ्याचे चार धागे गुंडाळले की मॉस पण निघत नाही.

एक अजून लिहायचं राहिलं होतं. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीचं रंगकाम निघालं, तीन महिने बिल्डिंगला हिरवी जाळी. उजेड एकदम निम्म्याच्या खाली गेला आणि मी मात्र पाणी नेहमीइतकंच देत राहिले. उजेड कमी म्हणजे झाड पाणी कमी वापरतं, सुकायला वेळ लागतो. चार झाडांची मुळं गेली तेव्हा लक्षात आलं. रंगकाम, समोर नवीन इमारत, पावसाळी आभाळ, काहीही असो, उजेड बदलला की पाणी बदलायचं.

---

सह्यभटक्या | २१ जानेवारी, सकाळी १०:३०

आंबोलीला जातोय पुढच्या महिन्यात. पडलेल्या फांद्यांवर ऑर्किड असतात म्हणे, एखाद-दुसरं आणलं तर चालेल ना? झाडावरचं काढणार नाही.

---

रातांबा | २१ जानेवारी, दुपारी १२:४५

दादा, नका आणू. राग मानू नका, पण हे मी दर वर्षी बघतो. एक जण पडलेल्या फांदीवरचं नेतो, फोटो टाकतो, मग त्याचे दहा मित्र येतात आणि त्यांना पडलेली फांदी मिळत नाही तेव्हा ते उभ्या झाडावरचं ओरबाडतात. मागे एका बाजारात गोणीत भरून आलेल्या आमऱ्या बघितल्या, मुळं तुटलेली, कांद्यासारख्या वजनावर विकत होते, त्यातली एकही पुढचा पावसाळा बघणार नव्हती. अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नसतं, कायद्यानेच. पडलेली फांदी दिसली तर ती तिथल्याच एखाद्या झाडाच्या बेचक्यात नीट टेकवून ठेवा, बाकी आमरी बघून घेते.

---

दुर्बीण | २१ जानेवारी, रात्री ९:५०

रातांबांना पूर्ण दुजोरा, आणि त्यामागचं कारण पण सांगते. ऑर्किडच्या एका बोंडात हजारो, कित्येकदा लाखो बिया असतात पण त्या धुळीसारख्या, त्यांच्यात साठवलेलं अन्नच नसतं. जंगलात त्या बीला एक विशिष्ट बुरशी भेटली तरच ती रुजते, ती बुरशी सुरुवातीला तिला भरवते. हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये पहिल्यांदा ओळखलं. म्हणजे लाखो बियांमधून एखादीला नेमकी साल, नेमकी बुरशी, नेमका ओलावा मिळतो आणि मग कित्येक वर्षांनी ती फुलावर येते. आपण ते झाड एका हिसक्यात काढतो, आणि आपल्या फ्लॅटमध्ये ते बहुतेक वेळा वर्षभरात मरतं.

आणि तसं आणायची आता गरजही नाही. १९२२ मध्ये लुईस क्नडसनने अमेरिकेत दाखवून दिलं की बुरशीशिवाय, बाटलीत साखर आणि क्षार घातलेल्या आगरच्या जेलीवर ऑर्किडचं बी रुजवता येतं. आज आपण विकत घेतो ती बहुतेक रोपं अशाच काचेच्या बाटलीत जन्मलेली असतात. सिक्कीममध्ये पाक्योंगला ऑर्किडची राष्ट्रीय संशोधन संस्था १९९६ पासून आहे, कालिम्पोंगच्या नर्सऱ्या कुरिअरने रोपं पाठवतात. विचारून घ्या की रोप नर्सरीत वाढवलेलं आहे का जंगलातून आलेलं. सारख्या आकाराची, नितळ पानांची, कोवळ्या मुळांची दहा रोपं एका रांगेत दिसली तर ती बाटलीतली. पानांवर दगडफुलाचे डाग, तुटकी जून मुळं, त्याला सालीचा तुकडा चिकटलेला, तर ते जंगलातलं.

परदेशातून आणण्याबद्दल विचारलं जाईलच म्हणून आताच लिहिते, जगातली सगळी ऑर्किड ‘साइट्स’ (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात. बॅगेत टाकून आणायची वस्तू नाही, कागदपत्रं लागतात.

---

सह्यभटक्या | २२ जानेवारी, सकाळी ७:४०

समजलं. बुरशीचं हे माहीतच नव्हतं. फक्त बघून आणि फोटो काढून येईन, जागा लिहिणार नाही. रातांबा, तुमच्या ऐनावरची ओबेरोनिया बघायला आलो तर चालेल का?

---

रातांबा | २२ जानेवारी, सकाळी ८:००

या की! जेवायलाच या. ओबेरोनियाची फुलं आता संपली पण झाड बघता येईल, आणि आंब्यावरची पांढरी आमरी फुलायला लागेल तेव्हा. विपुत (विचारपूस पानावर) निरोप टाका.

---

वाळ्याचा_पडदा | २ फेब्रुवारी, रात्री १०:२५

कुरिअरचं लिहितो. मागच्या आठवड्यात कालिम्पोंगहून पाच रोपं मागवली, सहा दिवसांनी पोचली. पेटी उघडल्या उघडल्या बांधायची घाई करू नका. मी आधी अर्धा तास सावलीत नुसती उघडी ठेवतो, मग साध्या पाण्यात वीस मिनिटं मुळं भिजवतो, कुजकी मुळं स्वच्छ कात्रीने कापतो (दोन झाडांच्या मध्ये कात्री गॅसच्या ज्योतीवर धरायची), पानाला जखम असेल तर तिथे दालचिनीची पूड लावतो. मुळांवर दालचिनी लावायची नाही, मुळं पार सुकून जातात, हे एक झाड घालवून शिकलो. आठवडाभर सावलीत, खत महिनाभर नाही. आणि मागवायचं तर हिवाळ्यातच, एप्रिल-मे मध्ये नागपूरच्या गोदामात पेटी एक दिवस राहिली तर आत काही उरत नाही.

---

पेठेतली | ३ फेब्रुवारी, दुपारी २:१५

टँकमध्ये रात्री बारीक बारीक शंख्या निघतायत, मोहरीएवढ्या. हाराएलाच्या मुळांची हिरवी टोकं खाऊन टाकली. काय करू? औषध मारायची भीती वाटते, आतमध्ये सगळं बंद आहे.

---

मोगरा_ठाणे | ३ फेब्रुवारी, रात्री ९:३५

औषध नको. रात्री झोपताना काकडीची जाड चकती आत ठेवायची, दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन उचलायची, खालच्या बाजूला सगळ्या जमलेल्या असतात. सलग दोन आठवडे रोज करा, मध्येच सोडलं तर अंड्यांतून परत येतात. आणि मॉस बदला, त्या मॉसमधूनच आल्या असणार, नवीन मॉस वापरण्याआधी उकळत्या पाण्यात भिजवून गार करून घ्या. खाल्लेलं टोक परत वाढत नाही पण मूळ जिवंत असेल तर मागून फांदी फुटते.

---

खिडकीतली_बाग | ९ मार्च, सकाळी ७:२०

ताईऽऽ! लिंडलेयीच्या दोन बल्बच्या बाजूने बारीक हिरवे दांडे आलेत, खाली वळलेले, एकावर मी अकरा कळ्या मोजल्या! जानेवारीत मी हे कचऱ्याच्या पिशवीत टाकणार होते. घरी सगळ्यांना उठवून दाखवलं, सासूबाईंनी त्याच्यासमोर रांगोळी काढलीये. आता पाणी सुरू करू का? आणि दांड्यावर मुंग्या फिरतायत, काळ्या, बारीक. खातील का कळ्या?

---

मोगरा_ठाणे | ९ मार्च, सकाळी ७:५५

किती आनंद झाला वाचून! सासूबाईंना सांगा फुलं पिवळीधमक, मधासारख्या वासाची असतात, पण आपल्या उकाड्यात आठवडा-दहा दिवसच राहतात, तेव्हा उमलली की लगेच फोटो काढा.

पाणी आता दोन-तीन दिवसांआड थोडं, सकाळी. खरं पाणी आणि खत फुलं संपल्यावर, बल्बच्या बुडाशी नवा कोंब येईल आणि त्याची मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की.

मुंग्या कळ्या खात नाहीत. बऱ्याच ऑर्किडच्या कळ्यांच्या देठावर गोड थेंब येतात, त्यासाठी येतात त्या. पण कधीकधी त्या पिठ्या ढेकणासाठीही येतात, म्हणून देठांच्या खाचा आणि पानाची मागची बाजू भिंगातून नीट बघा. कापसासारखं पांढरं काही दिसलं तर कानातल्या कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन तेवढंच पुसा, कळीला लागू देऊ नका. आणि फोटो टाका, आम्ही पण बघतो.